पळत्या नॅनोमीटरचा पाठलाग

स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर उघडून पाहिला, तर आत ना सेल सापडतो ना बॅटरी. खटका दाबला की स्प्रिंग दाबली जाते, सुटते आणि एक छोटा हातोडा सिरॅमिकच्या छोट्याशा दांडीवर आपटतो. त्या धक्क्यानं दांडीच्या दोन टोकांमध्ये काही हजार व्होल्टचा फरक तयार होतो आणि ठिणगी पडते. दाब दिला की वीज देणाऱ्या या पदार्थांना पिझोइलेक्ट्रिक, किंवा थोडक्यात पिझो म्हणतात. क्वार्ट्झसारख्या स्फटिकांमधला हा गुण पिएर आणि जाक क्यूरी या भावांनी १८८० साली दाखवून दिला. पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमन यांनी गणित मांडून सांगितलं, की याच्या उलटही घडायला हवं: वीज दिली तर पदार्थ ताणला किंवा आकसला पाहिजे. क्यूरी बंधूंनी तेही मोजून दाखवलं.

या उलट्या परिणामावर आज यंत्रांची एक अख्खी जात जगते. सूक्ष्मदर्शकाखालचा नमुना केसाच्या हजाराव्या भागाएवढा सरकवायचा, लेझरचा आरसा जरासा कलता करायचा, डिझेल इंजिनाच्या इंजेक्टरची झडप क्षणार्धात उघडायची, ही कामं पिझो करतो. झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिक रोरर यांनी १९८१ मध्ये सुटे अणू दाखवणारा सूक्ष्मदर्शक चालवला. त्याची सुई पृष्ठभागावरून फिरवायलाही पिझोच होता. १९८६ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता.

आता कोडं असं. १०० मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहून थोडं जास्त, सरकू शकणारी एक पिझो स्टेज (पिझोनं हलणारा छोटा मंच) घेऊ. माहितीपत्रकात लिहिलंय की ती १ नॅनोमीटरपर्यंत अचूक आहे. तपासलं तर खरंच आहे. सांगितलेल्या जागी जाते आणि नॅनोमीटरभरही न ढळता उभी राहते. मग तिला सांगितलं, की सेकंदाला दहा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत ये-जा कर. सेन्सर पाहावा तर स्टेज हुकमाच्या सहा मायक्रोमीटर मागे. म्हणजे लिहून दिलेल्या अचूकतेच्या सहा हजार पट चूक. काही मोडलेलं नाही, काही सैल झालेलं नाही, माहितीपत्रकही खोटं नाही. मग हे सहा मायक्रोमीटर आले कुठून?

हजारातला एक भाग

यंत्रात वापरतात तो पिझो बहुधा लेड झिर्कोनेट टायटेनेट या सिरॅमिकचा असतो. पूर्ण व्होल्टेज दिलं तरी तो आपल्या लांबीच्या हजाराव्या भागाएवढाच ताणला जातो. १० मिलिमीटरच्या ठोकळ्यातून १० मायक्रोमीटर मिळतात. ठोकळा अखंड ठेवला तर त्याला हजारो व्होल्ट द्यावे लागतील. म्हणून त्याचे कागदाएवढे पातळ थर करून एकावर एक रचतात आणि प्रत्येक थराला वेगळी वीज देतात. मग शे-सव्वाशे व्होल्टमध्ये काम भागतं.

१०० मायक्रोमीटर हवेत तर १० सेंटिमीटर लांबीचा ठोकळा लागेल. तेवढी जागा कोण देणार? म्हणून तरफ लावतात. ठोकळा वीस मायक्रोमीटर सरकला की तरफेचं दुसरं टोक शंभर सरकतं. ही तरफ बिजागरीवर फिरत नाही. धातूच्या एकाच पाटात वायरकटनं बारीक फटी पाडून मधले पातळ पट्टे राखलेले असतात, आणि ते पट्टेच वाकतात. घासणारा एकही भाग नसल्यामुळे घर्षण नाही, अडखळणं नाही. नॅनोमीटरची अचूकता शक्य होते ती यामुळे. पण तरफ फुकट मिळत नाही. हालचाल पाचपट केली की टोकाशी जाणवणारा ताठपणा पंचविसाव्या हिश्शावर येतो. या कमी झालेल्या ताठपणाची किंमत पुढे द्यावी लागणार आहे.

पदार्थाला असलेली आठवण

नुसतं व्होल्टेज मोजून पिझोची जागा सांगता येत नाही. व्होल्टेज शून्यापासून वाढवत पन्नासवर आणलं तर स्टेज एका जागी असते आणि शंभरावरून उतरवत पन्नासवर आणलं तर दुसऱ्याच जागी. या दोन जागांमधलं अंतर एकूण पल्ल्याच्या १० ते १५ टक्के भरू शकतं. म्हणजे आपल्या स्टेजमध्ये दहा-पंधरा मायक्रोमीटर! याला हिस्टेरेसिस म्हणतात.

कारण सिरॅमिकच्या पोटात आहे. त्याच्या प्रत्येक कणात बारीक बारीक प्रदेश असतात, आणि एका प्रदेशातले सगळे विद्युतभार एकाच दिशेला कललेले असतात. वीज दिल्यावर दोन गोष्टी घडतात. स्फटिकाची जाळी ताणली जाते. ही हालचाल वीज काढली की तशीच परत फिरते. शिवाय प्रदेशांच्या सीमा सरकतात, आणि त्या चिकट असतात. पुढे ढकलल्या गेल्या तर तितक्याच सहज मागे येत नाहीत. म्हणून पिझोची आजची लांबी फक्त आजच्या व्होल्टेजवर ठरत नाही. काल-परवा तो कुठवर ताणला होता, यावरही ठरते.

याच सीमा व्होल्टेज स्थिर झाल्यावरही हळूहळू सरकत राहतात. पहिल्या ०.१ सेकंदात स्टेज जितकी सरकली, त्याच्या एक-दोन टक्के ती एका सेकंदापर्यंत आणखी सरकते, दहा सेकंदांपर्यंत पुन्हा तेवढीच, शंभर सेकंदांपर्यंत पुन्हा तेवढीच. याला क्रीप म्हणतात. सावकाश कामात क्रीप छळतो, मोठ्या पल्ल्याच्या कामात हिस्टेरेसिस छळतो, आणि जलद कामात छळणारा तिसराच कोणी आहे. तो थोड्या वेळानं येईल.

पहिल्या दोघांवर उपाय म्हणजे जागा थेट मोजणं. स्टेजच्या हलत्या आणि स्थिर भागांवर समोरासमोर दोन धातूच्या चकत्या बसवतात. त्यांच्यामधली फट बदलली की त्यांची वीज साठवण्याची क्षमता बदलते आणि त्यावरून नॅनोमीटरहूनही लहान फरक कळतो. मग एक नियंत्रक हुकूम आणि प्रत्यक्ष जागा यांतला फरक सेकंदाला हजारो वेळा तपासतो आणि व्होल्टेज त्याप्रमाणे वर-खाली करतो. हा फीडबॅक. स्टेज उभी असते तेव्हा तो हिस्टेरेसिस आणि क्रीप दोघांनाही अक्षरशः पुसून टाकतो. माहितीपत्रकातला तो एक नॅनोमीटर इथून येतो.

लक्ष आहे, तरी उशीर

गणपतीच्या दिवसांत आरतीला एखाद्या पाहुण्या मुलाच्या हातात झांज येते. त्याला आरती पाठ नसते. तो कान देऊन ऐकतो, ठेका पडला की झांज मारतो, आणि त्याची झांज दर वेळी अर्धा ठेका मागे पडते. त्याचं लक्ष नाही असं कोणी म्हणणार नाही. उलट सगळ्यांत जास्त लक्ष त्याचंच असतं. पण ऐकून मग मारायचं ठरवलं की उशीर आलाच. आरती संथ असेपर्यंत तो खपून जातो, शेवटी लय वाढली की उघडा पडतो.

फीडबॅकचं नेमकं हेच होतं. साधा नियंत्रक चूक साठवत जातो आणि साठलेल्या चुकीच्या प्रमाणात व्होल्टेज देतो. स्टेज उभी असेल तर चूक शून्य होईपर्यंत हा साठा बदलत राहतो, मग थांबतो. पण स्टेजला चालतं ठेवायचं तर व्होल्टेज सतत वाढत राहायला हवं, आणि ते वाढणार चूक असेल तरच. चूक शून्य झाली त्या क्षणी वाढ थांबेल आणि स्टेजही. तेव्हा चालत्या स्टेजच्या मागे थोडी चूक राहिली हा बिघाड नव्हे. या नियंत्रकाचं इंधनच ती आहे. वेग दुप्पट केला की चूकही दुप्पट.

चौकट : सहा मायक्रोमीटरचा हिशेब
पल्ला १०० मायक्रोमीटर, सेकंदाला १० ये-जा. एक बाजू पार करायला ५० मिलिसेकंद, म्हणजे वेग सेकंदाला २,००० मायक्रोमीटर.
नियंत्रक ५० हर्ट्झपर्यंतच्या हालचालींना साथ देणारा धरला, तर त्याचा उशीर सुमारे ३.२ मिलिसेकंद.
मागे पडणं = वेग × उशीर = सुमारे ६.४ मायक्रोमीटर.
जाताना स्टेज एका बाजूला मागे, येताना दुसऱ्या बाजूला. जातानाचं आणि येतानाचं चित्र एकमेकांवर ठेवलं तर सुमारे १२.८ मायक्रोमीटरची तफावत.

उशीर नुसता एकसारखा असता तर चित्र सरकवून घेता आलं असतं, आणि पुष्कळ जण तसं करतातही. पण प्रत्येक टोकाला दिशा बदलताना उशीर पुन्हा नव्यानं उभा राहतो. त्यामुळे टोकदार वळण गोल होतं, कडेच्या भागात सरळ रेषा वाकलेल्या दिसतात आणि पल्ला थोडा आखूड पडतो.

मग नियंत्रकाला जास्त चपळ का करू नये? उशीर ३.२ ऐवजी ०.०३ मिलिसेकंद झाला तर प्रश्नच मिटला. इथे तो तिसरा येतो.

स्टेजचा स्वतःचा सूर

कुठल्याही वजनाला कुठल्याही लवचीक आधारावर ठेवलं की त्या जोडीचा एक ठरावीक सूर असतो. त्याला नैसर्गिक वारंवारता म्हणतात. ताठपणा वाढवला की हा सूर वर चढतो, वजन वाढवलं की खाली उतरतो. वजन चौपट झालं तर वारंवारता निम्मी होते. आपल्या स्टेजचा सूर ५०० हर्ट्झ धरू. तरफेनं खाल्लेला ताठपणा इथे वसूल होतो. तरफ नसती तर हा आकडा बराच वर असता.

घर्षण नसणं हा उभ्या स्टेजचा मोठा गुण, पण हलणाऱ्या स्टेजचा तोच दोष. एकदा हादरा बसला की कंपन शोषून घ्यायला कोणी नसतं. अशा स्टेजमध्ये एका धक्क्याचं कंपन शंभराव्या हिश्शावर यायला सुमारे ०.१५ सेकंद लागतो आणि तेवढ्यात सत्तरएक हेलकावे होऊन जातात. सेकंदाला दहा फेऱ्या मारताना दर ५० मिलिसेकंदांनी एक वळण येतं. एका वळणाच्या हादऱ्याचा पाचवा हिस्सा पुढच्या वळणापर्यंत जिवंत असतो.

नियंत्रकाचा खरा घात वेगळ्या ठिकाणी होतो. ५०० हर्ट्झच्या सुरात दिलेला छोटासा धक्का अशी स्टेज पन्नास पटीनं मोठा करते. त्याच सुराच्या पुढे गेलं की ती हुकमाच्या बरोबर उलट दिशेनं हलू लागते. तेव्हा नियंत्रकाची दुरुस्तीही उलटी पडते. तो कंपन दाबायला जातो आणि आणखी जोर देतो. स्टेज किंचाळू लागते. हे अलंकारिक बोलणं नाही. ५०० हर्ट्झचा आवाज कानाला स्पष्ट ऐकू येतो.

याचा हिशेब सोपा असून धक्कादायक आहे. नुसती चूक साठवणाऱ्या नियंत्रकाची चपळाई नैसर्गिक वारंवारतेच्या एका छोट्या अंशापुढे जाऊ शकत नाही आणि तो अंश कंपन किती लवकर विरतं यावर ठरतो. आपल्या स्टेजसाठी तो येतो दोन टक्के. ५०० हर्ट्झचे दोन टक्के म्हणजे १० हर्ट्झ, आणि तेही कोसळण्याच्या अगदी काठावर. सुरक्षित अंतर ठेवलं तर पाचावर समाधान मानावं लागतं. ५०० हर्ट्झची स्टेज विकत घेऊन ५ हर्ट्झचं काम मिळणं, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही.

यातून सुटायचा जुना मार्ग म्हणजे नियंत्रकाच्या वाटेत एक गाळणी बसवणं. ती फक्त ५०० हर्ट्झच्या आसपासचा भाग कापते, त्यामुळे स्टेजला तिचा सूर ऐकूच जात नाही. इंग्रजी नावानंच ओळखल्या जाणाऱ्या या नॉच फिल्टरमुळे ५ चे ५० हर्ट्झ होऊ शकतात. आपल्या चौकटीतले ५० हर्ट्झ असेच मिळवलेले आहेत. पण गाळणीचं छिद्र एका जागी ठरलेलं असतं. स्टेजवर जड नमुना ठेवला, सूर ५०० वरून ४३० वर घसरला, की गाळणी रिकाम्या जागी कापत बसते आणि किंचाळणं परत सुरू. म्हणून विक्रेत्याकडे जुळवून आलेली स्टेज आपल्या टेबलावर वेगळी वागते. तिला आपल्या वजनासह पुन्हा जुळवावं लागतं. बरेच वापरणारे हे करत नाहीत आणि दोष पिझोला देतात.

दुसरा मार्ग कंपनालाच पकडण्याचा. ठोकळ्यासोबत बळ मोजणारा पातळ पिझो थर बसवतात आणि त्याच्या इशाऱ्यावर कंपनाच्या विरुद्ध ढकलणारं एक वेगळं, झटपट चक्र चालवतात. ते जागेची काळजी करत नाही, फक्त हेलकावे मारतं. हेलकावे लवकर विरू लागले की मुख्य नियंत्रकाला मोकळीक मिळते. माझ्या मते गाळणीपेक्षा हा मार्ग प्रामाणिक आहे, कारण वजन थोडं बदललं तरी तो बिथरत नाही.

फीडबॅक कितीही सुधारला तरी दोन गोष्टी त्याला सोडत नाहीत. एक म्हणजे सेन्सरचा गोंगाट. चपळ नियंत्रक सेन्सरची बारीक थरथरही खरी समजून तिच्यामागे धावतो. चपळाई शंभर पट केली की या गोंगाटाची ढवळाढवळ साधारण दहा पट होते, आणि उभ्या स्टेजचा तो एक नॅनोमीटरच हातचा जातो. दुसरी गोष्ट बेल प्रयोगशाळेतल्या हेंड्रिक बोडे यांनी गणितानं दाखवली: एका वारंवारतेच्या पट्ट्यात फीडबॅकनं चूक दाबली तर दुसऱ्या कुठल्या तरी पट्ट्यात ती फुगतेच. ती कुठे फुगावी एवढंच आपल्या हातात असतं.

टोकदार वळणात दडलेले सूर

सरळ जा, टोकाला वळ, सरळ ये: कागदावर या हुकमाचा आलेख त्रिकोणांच्या माळेसारखा दिसतो. फूरियेच्या गणिताप्रमाणे असा त्रिकोणी हुकूम म्हणजे अनेक गुळगुळीत लाटांची बेरीज असते. दहा हर्ट्झच्या त्रिकोणात १०, ३०, ५०, ७० हर्ट्झच्या लाटा असतात, आणि त्यांची उंची ९, २५, ४९ अशा पटींनी घटत जाते.

झपाट्यानं घटतात म्हणून दूरच्या लाटा सोडून द्याव्यात असं वाटतं. पण ४९० आणि ५१० हर्ट्झच्या लाटाही त्यात आहेत. आपल्या शंभर मायक्रोमीटरच्या हुकमात त्यांची उंची जेमतेम सोळा-सतरा नॅनोमीटर. स्टेजचा सूर ५०० चा असल्यामुळे ती त्यांना वीस-बावीस पटीनं वाढवते. तीनशे नॅनोमीटरहून मोठी लहर तयार होते आणि चित्रात सरळ रेषांना बारीक नागमोड येतो. सेकंदाला फक्त दहा फेऱ्या मारणाऱ्या स्टेजला ५०० हर्ट्झची बाधा कशी झाली, याचं उत्तर हुकमाच्या टोकदारपणात आहे.

उपाय स्वस्त आहे: टोकं गोल करायची. वळणाजवळ वेग हळूहळू कमी करून हळूहळू उलटा केला की दूरच्या लाटा जवळपास नाहीशा होतात. वळणाचा भाग चित्रात घ्यायचाच नाही, मधला सरळ भाग घ्यायचा. पल्ल्याचा थोडा हिस्सा वाया जातो, पण त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. काहींनी त्रिकोणच सोडून दिला आहे. नमुन्यावरून सुई गोगलगाईच्या शंखासारख्या चकरांमध्ये फिरवली की दोन्ही दिशांना गुळगुळीत लाटाच द्याव्या लागतात आणि वळण नावाची चीज उरत नाही.

आरती पाठ असलेला

झांजेवर आता पाठ असलेल्या माणसाला बसवू. तो ठेका ऐकून हात हलवत नाही. ठेका कधी पडणार हे त्याला ठाऊक असतं, म्हणून हात आधीच निघालेला असतो. पिझोच्या बहुतेक कामांत हुकूम असाच आधीपासून ठाऊक असतो. सूक्ष्मदर्शकाची पुढची ओळ कुठून कुठे जाणार हे संगणकाला मिनिटभर आधी सांगता येतं. ते माहीत असताना नियंत्रकाला फक्त मागची चूक पाहत बसवणं ही उधळपट्टी आहे.

हुकमाच्या माहितीवरून व्होल्टेज आधीच ठरवून देणं म्हणजे फीडफॉरवर्ड. त्याचा सगळ्यात साधा प्रकार कोणालाही करता येईल. चौकटीत उशीर ३.२ मिलिसेकंद आणि वेग सेकंदाला २,००० मायक्रोमीटर होता. मग सरळ भागात हुकमातच ६.४ मायक्रोमीटर वाढवून द्यायचे. स्टेज ६.४ मागे पडते आणि बरोबर हव्या तिथे येते. एका बेरजेत चुकीचा मोठा हिस्सा गेला. उशिराचा अंदाज पाच टक्के चुकला असेल तर ०.३ मायक्रोमीटर उरतात. तेवढ्यासाठी फीडबॅक शिल्लक आहेच. शिवाय फीडफॉरवर्डमध्ये सेन्सर नसतो, त्यामुळे त्याचा गोंगाटही आत येत नाही.

पुढची पायरी म्हणजे स्टेजच्या वागण्याचं गणित उलटं फिरवणं. कोणत्या व्होल्टेजला स्टेज कशी हलते हे मोजून ठेवायचं, आणि हवी ती हालचाल मिळायला कोणतं व्होल्टेज लागेल हे त्यावरून काढायचं. वॉशिंग्टन विद्यापीठातले संतोष देवासिया यांचं या उलट्या गणितावर मोठं काम आहे. हिस्टेरेसिस उलटवणं जास्त कठीण, कारण त्यात इतिहास मिसळलेला आहे. फेरेंक प्रायझाख यांनी १९३५ मध्ये लोखंडाच्या चुंबकत्वासाठी मांडलेलं गणित इथे कामाला येतं. पदार्थ म्हणजे असंख्य छोट्या खटक्यांचा समूह. प्रत्येक खटका एका व्होल्टेजला चालू होतो आणि दुसऱ्याच व्होल्टेजला बंद. कोणते खटके आत्ता चालू आहेत याची नोंद ठेवली की पिझोची ‘आठवण’ संगणकात उतरते.

हिस्टेरेसिसला बगल देण्याची आणखी एक युक्ती १९८२ मध्ये न्यूकम आणि फ्लिन यांनी दाखवली. पिझोची लांबी व्होल्टेजपेक्षा त्याच्यात भरलेल्या विद्युतभाराशी खूपच सरळ नातं ठेवते. तेव्हा व्होल्टेज न ठरवता भार मोजून भरला, तर दहा-पंधरा टक्क्यांचा हिस्टेरेसिस एक-दोन टक्क्यांवर येतो. मग सगळे असंच का करत नाहीत? कारण भार हळूहळू गळतो, आणि स्टेज उभी ठेवली की जागा सोडू लागते. जलद ये-जा करणाऱ्या कामाला मात्र ही अडचण फारशी येत नाही. पिझोच्या जगात उभ्याचे आणि चालत्याचे गुण असे सतत एकमेकांच्या विरुद्ध पडतात.

प्रत्येक फेरीगणिक

पाठ नसलेल्या मुलालाही एक सोय असते. कडवी बदलतात, पण चाल तीच राहते. पहिल्या कडव्यात कुठे मागे पडलो हे लक्षात ठेवलं तर दुसऱ्यात तिथे हात थोडा आधी उचलता येतो. जपानमध्ये सुगुरू अरिमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये यंत्रमानवांसाठी नेमकी हीच पद्धत मांडली. तिला पुनरावृत्त शिक्षण नियंत्रण म्हणता येईल.

एका फेरीची संपूर्ण चूक, क्षणाक्षणाची, नोंदून ठेवतात. पुढच्या फेरीच्या व्होल्टेजमध्ये त्या चुकीचा काही भाग मिळवतात, पण थोडा अलीकडे सरकवून. २० व्या मिलिसेकंदाला चूक दिसली, तर दुरुस्ती पुढच्या फेरीच्या १७ व्या मिलिसेकंदाला द्यायची. फीडबॅकला हे कधीच जमणार नाही, कारण त्याच्याजवळ उद्याचा दिवस नसतो. इथे मात्र कालची पूर्ण फेरी हातात असल्यामुळे वेळेत मागे जाता येतं. मॉडेल अगदी नेमकं असण्याची गरज नाही. हिस्टेरेसिस, कंपन, तरफेचा तिरपेपणा, सगळं एकत्र त्या चुकीत उतरलेलं असतं, आणि काही फेऱ्यांत ते जवळपास सेन्सरच्या गोंगाटाएवढं खाली येतं.

अटी दोन. फेरी तीच राहायला हवी. पल्ला किंवा वेग बदलला की धडा पुन्हा पहिल्यापासून. आणि फक्त पुन्हा पुन्हा येणारीच चूक शिकावी. शेजारच्या खोलीत दार आपटल्याचा हादरा एकदाच येतो. तोही शिकून घेतला तर पुढच्या फेरीत स्टेज कारण नसताना दचकते. म्हणून शिकवण्याआधी चूक गाळून घेतात.

विजेची मागणी

एवढं सगळं जुळवूनही स्टेज मागे पडत असेल, तर ॲम्प्लिफायर पाहावा. विजेच्या दृष्टीनं पिझो म्हणजे भार साठवणारी एक टाकी असते. ६ मायक्रोफॅरडचा ठोकळा ५ मिलिसेकंदांत १०० व्होल्टपर्यंत न्यायचा तर ०.१२ अँपिअर प्रवाह लागतो. परतीचा प्रवास अर्ध्या मिलिसेकंदात करायचा ठरवला तर १.२ अँपिअर. स्वस्त ॲम्प्लिफायर एवढा देत नाही, आणि मग नियंत्रक कितीही हुशार असला तरी व्होल्टेज चढतच नाही. व्होल्टेज पुरेसं आहे की नाही हे सगळे पाहतात, प्रवाह फार थोडे पाहतात. जलद कामात हिस्टेरेसिसमधली ऊर्जा उष्णता होऊन ठोकळा तापतो, हेही त्यासोबत येतं.

या सगळ्यामुळेच माहितीपत्रकातला ‘अचूकता १ नॅनोमीटर’ हा आकडा चालत्या कामासाठी निरुपयोगी आहे. मागायचा तो आलेख: आपलं वजन ठेवून, आपला पल्ला आणि आपली वारंवारता देऊन, हुकूम आणि प्रत्यक्ष जागा यांच्यातला फरक वेळेनुसार किती होता. जो विक्रेता हा आलेख देत नाही त्याच्याकडून उभ्या कामापुरतीच स्टेज घ्यावी.

वाट आधी माहीत नसेल तेव्हा

इथवरच्या बहुतेक युक्त्या एका गोष्टीवर उभ्या आहेत: पुढे कुठे जायचं ते ठाऊक असणं. अणुबल सूक्ष्मदर्शकात आडव्या दोन दिशांना ते ठाऊक असतं. उभ्या दिशेला नसतं. सुईनं नमुन्याच्या चढ-उतारांवरून हलकेच जायचं असतं आणि तो चढ-उतार कसा आहे हे शोधण्यासाठीच तर सगळा खटाटोप. तिथे फीडबॅकशिवाय इलाज नाही. उशीर कमी करायचा तर यंत्रच चपळ करावं लागतं.

जपानच्या कानाझावा विद्यापीठात तोशिओ अंदो यांच्या गटानं हेच केलं. सुई बसवलेली पट्टी काही मायक्रोमीटर लांबीची केली, म्हणजे तिचा सूर फार वर गेला. उभ्या दिशेचा पिझो इवलासा ठेवला. तो वर ढकलला की आधारालाही खाली धक्का बसतो आणि आधार थरथरतो. म्हणून पाठीला पाठ लावून दुसरा तसाच पिझो उलट दिशेला हलवला आणि दोन्ही धक्के एकमेकांत जिरवले. आणखी एक बारकी गोष्ट: उतार आला की सुई पृष्ठभाग सोडून तरंगू लागते, आणि तरंगत असताना चूक दाखवणारा संकेत ठरावीक मर्यादेपुढे वाढतच नाही, त्यामुळे नियंत्रक ढिला पडतो. त्यांनी सुई सुटू लागल्याची चिन्हं दिसताच नियंत्रकाचा जोर आपोआप वाढेल अशी योजना केली.

२०१० मध्ये या यंत्रानं मायोसिन-५ हा प्रथिनाचा रेणू ॲक्टिनच्या धाग्यावरून चालताना टिपला, सेकंदाला सुमारे सात चित्रं या गतीनं. त्याची पावलं ३६ नॅनोमीटरची, आणि मागचा पाय पुढे टाकत तो चालतो हे त्यात दिसतं. या चपळाईसाठी अंदो यांनी दिलेली किंमत पल्ल्याची होती: त्यांचा स्कॅनर आडव्या दिशेला काही मायक्रोमीटरच सरकतो. शंभर मायक्रोमीटर सरकणाऱ्या आपल्या स्टेजला तो वेग मागितला तर मोठी तरफ, कमी ताठपणा आणि ५०० हर्ट्झचा सूर पुन्हा समोर येतात, आणि मग हुकूम आधी ठाऊक असण्याचा फायदा शेवटच्या थेंबापर्यंत वसूल करावा लागतो.